मानसिंहाच्या भिंतीवरची बदकं

ग्वाल्हेरच्या किल्ल्यावर पूर्वेकडून जी वाट चढते, तिच्या माथ्यावर राजा मानसिंह तोमराने पिवळ्या बदकांची रांग लावली आहे. याच वाटेने शत्रूची फौज वर येणार हे त्याला पक्कं ठाऊक होतं. दिल्लीचे लोदी सुलतान त्याच्या हयातभर दाराशी होते. तरीही हत्तीपोळीच्या अंगाला, जिथे इतर किल्ल्यांना नुसते बुरूज आणि जंग्या असतात, तिथे निळ्या पट्ट्यावर बदकं चालली आहेत, केळीची झाडं उभी आहेत, हत्ती आणि मगरी आहेत. हे सगळं रंगीत, झिलईदार टाइल्समध्ये. पाचशे वर्षं उन्हापावसात काढून त्यांतला निळा रंग अजून निळा आहे.

मी मातीकाम करते. कलाशाळेत सिरॅमिक शिकवण्यात माझी सगळी नोकरी झाली. माझं आजोळ लष्करचं. १८१० मध्ये दौलतराव शिंद्यांची छावणी किल्ल्याच्या दक्षिणेला पडली आणि तिचंच पुढे शहर झालं, ते हे लष्कर. फालका बाजार, आपटे की पायगा, शिंदे की छावनी अशी नावं ऐकत मी सुट्ट्या घालवल्या. किल्ल्याच्या गोष्टी तिथे घरोघर सांगतात: मृगनयनी गुजरी, जोहर, फाशीघर, भुयारं. टाइल्सची गोष्ट मला कुणी सांगितली नाही, आणि वाटाड्यांकडूनही मी ती आजवर ऐकलेली नाही. माझं म्हणणं एवढंच आहे, की मानमंदिर, म्हणजे मानसिंहाचा हा राजवाडा, आधी कारागिरांचा आणि गवयांचा आहे, मग कैद्यांचा. सांगणारे हा क्रम उलटा करतात आणि बहुतेक वेळा पहिला भाग गाळूनच टाकतात.

तोमर काही फार मोठे राजे नव्हते. चौदाव्या शतकाच्या अखेरीस, तैमूरच्या स्वारीने दिल्ली खिळखिळी झाली त्या सुमारास, त्यांनी हा डोंगर घेतला आणि जेमतेम सव्वाशे वर्षं राखला. उत्तरेला दिल्ली, पूर्वेला जौनपूर, दक्षिणेला मांडूचे सुलतान. कधी खंडणी भरून, कधी लढून, कधी एकाला दुसऱ्याच्या अंगावर घालून त्यांनी दिवस काढले. पण त्याच दिवसांत या डोंगराच्या कड्यांत जैन तीर्थंकरांच्या प्रचंड मूर्ती कोरल्या गेल्या. उरवाई घळीतली सर्वांत उंच मूर्ती ५७ फुटांची आहे. डुंगरसिंह तोमराने काश्मीरच्या सुलतान झैन-उल-आबिदीनला संगीतावरचे ग्रंथ भेट पाठवल्याची नोंद आहे. हत्ती नाहीत, तलवारी नाहीत, ग्रंथ. या घराण्याचा कल कुठे होता ते एवढ्यावरून कळतं.

मानसिंह १४८६ मध्ये गादीवर आला आणि तीस वर्षं राज्य करून १५१६ मध्ये गेला. सिकंदर लोदीने आपलं ठाणं दिल्लीहून आग्र्याला हलवलं, त्याचं एक मोठं कारण ग्वाल्हेर आणि आसपासचा हा मुलूख काबूत ठेवणं हे होतं. म्हणजे शत्रूने नुसती स्वारी केली नाही, तो शेजारी येऊन राहिला. मानसिंह गेल्यावर लवकरच इब्राहिम लोदीची फौज किल्ल्याखाली आली. पुढे मानसिंहाचा मुलगा विक्रमादित्य याला किल्ला सोडावा लागला. लोदींच्या चाकरीत तो पानिपतावर १५२६ साली इब्राहिमच्या बाजूने लढताना मारला गेला. त्याचं कुटुंब आग्र्यात होतं. त्यांच्याकडून हुमायूनला एक हिरा मिळाला. त्याची किंमत साऱ्या जगाच्या अडीच दिवसांच्या अन्नाएवढी, असं बाबराने लिहून ठेवलं आहे. पुष्कळ अभ्यासक तोच कोहिनूर मानतात. मला मात्र त्या हिऱ्यापेक्षा भिंतीवरच्या बदकांचं मोल जास्त वाटतं. हिरा खाणीत सापडतो. हा निळा रंग कुणीतरी केलेला आहे.

तो कसा करतात हे सांगायलाच हवं. ग्लेझ म्हणजे मुळात काच. वाळूतली सिलिका एकटी वितळायला फार मोठी आच लागते. साध्या लाकडाच्या भट्टीत ते होत नाही. म्हणून तिला वितळवणारा सोबती द्यावा लागतो. तो क्षार असू शकतो, वनस्पतींच्या राखेतला किंवा उत्तरेच्या मैदानात जमिनीवर पांढरा फुलून येणाऱ्या रेहमधला. नाहीतर शिसं. आता दोन्हींत चिमूटभर तांबं घाला. क्षाराच्या ग्लेझमध्ये तेच तांबं फिरोजी निळं होतं आणि शिशाच्या ग्लेझमध्ये गवतासारखं हिरवं. विद्यार्थ्यांना मी हे कधी आधी सांगत नसे. एकाच पुडीतलं तांबं दोन वाडग्यांत घालायला लावायचे, दोन्ही तुकडे एकाच भट्टीत ठेवायचे. दुसऱ्या दिवशी भट्टी उघडल्यावर जी शांतता पसरायची, ती मला फार आवडायची. गडद निळ्यासाठी कोबाल्ट लागतं, पिवळ्यासाठी शिसं आणि कथील. मानमंदिराच्या भिंतीवर फिरोजी आहे, गडद निळा आहे, हिरवा आहे, पिवळा आहे. प्रत्येक रंगामागे वेगळी कृती आहे आणि भट्टीपुढे बसून आचेचा रंग डोळ्याने ओळखणारा माणूस आहे.

त्यापुढची अडचण बसवण्याची. माती वाळताना आकसते आणि भाजताना पुन्हा आकसते. दगड आकसत नाही. मानमंदिरात टाइल सपाट भिंतीला नुसती चिकटवलेली नाही. पाथरवटाने वालुकाश्मात आकार कोरले, खोबणी केली, आणि त्या खोबणीत टाइलचा तुकडा बसवला. बदकाची मान, केळीचं पान, मगरीची शेपटी, प्रत्येक तुकडा दगडाच्या मापाला उतरला पाहिजे. म्हणजे भाजून झाल्यावर कापणं आलं, कडा घासणं आलं. पाथरवट आणि कुंभार एकाच कागदावर, नाहीतर एकाच भिंतीपुढे, उभे राहिल्याशिवाय हे काम होत नाही. या दोन धंद्यांची भाषा वेगळी, मापं वेगळी, घाईची वेळही वेगळी. आमच्याकडे वास्तुकाराने दिलेल्या मापात एक भित्तिचित्र बसवताना काय होतं ते मी पाहिलं आहे. इथे तर पूर्वेची भिंत सुमारे ३०० फूट लांब आहे आणि कड्याच्या काठावर उभी आहे.

ही विद्या आली कुठून? मांडूच्या इमारतींवर निळ्या टाइल्सचे अवशेष आहेत, दिल्लीत लोदींच्या घुमटांवरही आहेत. ग्वाल्हेर या दोन्हींच्या मध्ये. पण मांडूत आणि दिल्लीत टाइल बहुतेक पट्ट्यांत आणि भूमितीच्या नक्ष्यांत राहते. मानसिंहाच्या भिंतीवर ती जनावरं आणि झाडं झाली. शत्रूंच्या इमारतींवरची कला त्याने उचलली आणि तिच्यात आपल्या मंदिरांच्या थरांवरचे हंस, हत्ती, मकर आणून सोडले. मला हे फार मोठ्या मनाचं काम वाटतं.

ही भिंत बघायची तर पायी चढावं. हल्ली बहुतेक लोक पश्चिमेच्या उरवाई दरवाज्याने गाडीतून वर जातात आणि वाड्यासमोर उतरतात. त्यांना दक्षिणेची दर्शनी बाजू दिसते, तीही सुंदर आहे, रंग तिथेच जास्त टिकले आहेत. पण पूर्वेची उंची त्यांना कळत नाही. मामा म्हणायचा, "अगं, किल्ला बघायचा तर ग्वालियर दरवाज्यानं चढ. गाडीनं गेलीस तर नुसता वाडा बघशील." ग्वालियर दरवाजा म्हणजेच आलमगिरी दरवाजा, तो १६६० मधला, औरंगजेबाच्या काळचा. त्यापुढे एकामागून एक दरवाजे लागतात आणि उजव्या हाताला कडा व त्यावरची भिंत हळूहळू जवळ येते. सहा गोल बुरूज, प्रत्येकाच्या डोक्यावर छत्री. या छत्र्यांवर एके काळी सोन्याचा मुलामा दिलेले तांब्याचे पत्रे होते. सकाळी जावं, ऊन थेट भिंतीवर येतं.

वाटेत खालीच गुजरी महाल लागतो. राई गावची गुजर मुलगी, तिने झुंजणाऱ्या म्हशी शिंगं धरून वेगळ्या केल्या, राजाने मागणी घातली, तिने आपल्या नदीचं पाणी महालापर्यंत आणण्याची अट घातली, ही कथा सगळ्यांना पाठ असते. वृंदावनलाल वर्मांच्या ‘मृगनयनी’ कादंबरीने ती हिंदी वाचकांच्या घरोघर नेली. कथा गोड आहे, मी तिच्या आड येत नाही. मला या महालात दुसऱ्याच एका माणसाची आठवण होते, एम. बी. गर्दे यांची. ग्वाल्हेर संस्थानाच्या पुरातत्त्व खात्याचे ते प्रमुख. संस्थानभर विखुरलेल्या मूर्ती, शिलालेख, स्तंभशीर्षं त्यांनी गोळा करून या महालात मांडली आणि १९२२ मध्ये संग्रहालय लोकांना खुलं झालं. ग्यारसपूरची शालभंजिका इथेच आहे. शिंदेशाहीच्या कारभारात हिशेब आणि पागा सांभाळणारी मराठी माणसं पुष्कळ झाली. दगडांचा हिशेब ठेवणाऱ्या या माणसाचं नाव मात्र लष्करातल्या मराठी घरांतही क्वचित निघतं.

आणखी वर लक्ष्मण दरवाज्याजवळ एकाच दगडात कोरलेलं छोटं चतुर्भुज मंदिर आहे. त्यातल्या ८७६ सालच्या लेखात देवाच्या बागेचं माप १८७ गुणिले २७० हात दिलं आहे आणि त्यातलं शून्य आपण आज लिहितो तसंच गोल आहे. गणिताचे लोक जगभरातून ते बघायला येतात. तिथे थोडं थांबावं, मग पुढे हत्तीपोळ.

हत्तीपोळीला तिचं नाव ज्या दगडी हत्तीवरून पडलं तो आज तिथे नाही. बाबराने तो पाहिला होता. १५२८ च्या सप्टेंबरात तो मुद्दाम ग्वाल्हेर बघायला आला आणि त्याने आपल्या रोजनिशीत या वाड्याचं जे वर्णन केलं, ते मला एका कारागिराने दुसऱ्याच्या कामाकडे पाहावं तसं वाटतं. हत्ती आणि त्यावरचे दोन माहूत त्याने टिपले. भिंतीवरच्या टाइल्सची केळीची झाडं टिपली. छत्र्यांवरचे मुलाम्याचे पत्रे टिपले. इमारती विलक्षण आहेत, सगळं घडीव दगडाचं काम आहे, असं त्याने मान्य केलं. पण रचनेत शिस्त नाही, खालचे मजले फार अंधारे, हेही लिहिलं. समरकंद आणि हेरातच्या मोकळ्या बागा डोक्यात घेऊन आलेल्या माणसाला इथल्या खोल्या कोंदट वाटणारच. किल्ल्यावरच्या एका बागेतली लाल कण्हेर त्याला इतकी आवडली की त्याने ती आग्र्याच्या बागांत लावायला नेली. आणि त्याच माणसाने उरवाई घळीतल्या दिगंबर मूर्ती फोडायचा हुकूम दिला. मूर्ती एवढ्या मोठ्या होत्या की बहुतेकींचे चेहरे तेवढे बिघडवता आले. कण्हेर आणि हा हुकूम, दोन्ही त्याच्याच हाताने लिहिलेलं आहे. दोन्ही वाचायला हवं.

आत शिरल्यावर बाबराचं म्हणणं पटतं. एवढ्या प्रचंड भिंतीमागे दोन लहान चौक आणि भोवती लहान लहान दालनं आहेत. पण इथे मोठेपणा शोधूच नये. जवळ जाऊन बघावं. छज्ज्याखालचे टेकू वेगवेगळ्या घाटाचे, काही मोरांचे, काही हत्तींचे; जाळ्यांत नाचणाऱ्या आकृती कोरलेल्या; खांब एकाला एक जुळत नाहीत. दगडावर लाकडासारखं काम केलं आहे. आणि अशा लहान चौकात आवाज फार छान राहतो. मी तिथे एकदा हलक्या आवाजात षड्ज लावून पाहिला. चारी भिंतींनी तो सांभाळून परत दिला.

कारण इथे गाणं होतं. मानसिंहाने धृपदाला आश्रय दिला, देशी भाषेतल्या पदांना दरबारात मान दिला, आणि त्याच्या दरबारातल्या चर्चांतून ‘मानकुतूहल’ हा संगीतावरचा ग्रंथ झाला. औरंगजेबाच्या काळातल्या फकीरुल्ला नावाच्या सरदाराने त्याच्या आधारे फारसीत ‘रागदर्पण’ लिहिलं. नायक बख्शू मानसिंहाचा गायक. राज्य गेल्यावर तो कालिंजरच्या राजाकडे आणि पुढे गुजरातच्या बहादूरशहाकडे गेला. त्याच्या नावावरची एक हजार पदं शाहजहानच्या वेळी गोळा करून लिहून ठेवली गेली. अबुल फझलने अकबराच्या दरबारातल्या गायकवादकांची यादी दिली आहे, तिच्यात ग्वाल्हेरवाले भरपूर आहेत, पहिलं नाव तानसेनाचं. तो किल्ल्याच्या पायथ्याशीच, शेख मुहम्मद गौसांच्या कबरीशेजारी विसावला आहे. किल्ला पडला तरी त्यातलं गाणं शत्रूच्या दरबारांत जाऊन बसलं.

आता तळघरं. चौकांच्या खाली आणखी दोन मजले आहेत, कड्याच्या पोटात. उन्हाळ्यात थंडाव्यासाठी ते बांधले असावेत. भिंतींतून वर जाणाऱ्या हवेच्या नळ्या आहेत, छताला झोक्यांचे कोंडे आहेत. मोगलांनी या किल्ल्याचं तुरुंगात रूपांतर केलं. शिखांचे सहावे गुरू हरगोविंद यांना जहांगीरने इथे ठेवलं होतं. आपल्याबरोबर ५२ राजांना सोडवल्याशिवाय ते बाहेर आले नाहीत असं शीख परंपरा सांगते आणि त्या आठवणीचा गुरुद्वारा किल्ल्यावर आहे. औरंगजेबाचा भाऊ मुराद याला इथे १६६१ मध्ये मारण्यात आलं. दाराचा मुलगा सुलेमान शुकोह इथेच संपला. अफूची बोंडं रात्रभर भिजवून ते पाणी कैद्याला रोज सकाळी पाजायचं आणि तो खंगत जाईल असं बघायचं, ही इथली पद्धत फ्रेंच वैद्य बर्निये याने लिहून ठेवली आहे. वाटाडे विजेरीचा झोत कोंड्यांवर मारतात आणि फाशीची गोष्ट सांगतात. ऐकताना मुलं आईचा हात घट्ट धरतात. त्या मुलांना वर नेऊन कुणीतरी बदकं दाखवावीत असं मला फार वाटतं.

मानमंदिराचा खरा वंश आग्र्याला सापडतो. बाबराने नावं ठेवली, पण त्याच्या नातवाच्या कारागिरांनी आग्र्याच्या किल्ल्यात जहांगिरी महाल म्हणून जो वाडा बांधला, त्याचा चौक, ते कोरीव टेकू, तो दगडातला लाकडी घाट ग्वाल्हेरचाच. तिथे उभं राहिलं की मला मानसिंहाच्या पाथरवटांची नातवंडं डोळ्यांपुढे येतात. टाइल्स मात्र तशा पुन्हा झाल्या नाहीत.

मराठ्यांनी या वाड्यात संसार केला नाही. अठराव्या शतकात किल्ला या हातातून त्या हातात जात राहिला. १७८० च्या ऑगस्टमध्ये कॅप्टन पॉपहॅमच्या शिपायांनी रात्री शिड्या लावून तो घेतला. महादजींनी १७८३ मध्ये तो परत जिंकला. १८५८ च्या जूनमध्ये राणी लक्ष्मीबाई, तात्या टोपे आणि रावसाहेब यांच्या हाती ग्वाल्हेर आलं आणि महिना सरायच्या आत राणी पडली, किल्ला गेला. इंग्रज फौज वर १८८६ पर्यंत राहिली. त्या काळात किल्ल्यावरचं पुष्कळ पाडलं गेलं, बराकी उठल्या. मेजर कीथने १८८१ च्या सुमारास मानमंदिर आणि जुन्या देवळांची दुरुस्ती केली म्हणून जे आहे ते आहे. शिंद्यांनी दिलं ते दुसरंच काहीतरी. त्यांच्या आश्रयाने खाली लष्करात हद्दूखाँ-हस्सूखाँचा ख्याल वाढला. हस्सूखाँचे शिष्य वासुदेवबुवा जोशी, त्यांचे शिष्य मिरजेजवळच्या बेडगचे बाळकृष्णबुवा. बुवांनी ती गायकी महाराष्ट्रात आणली आणि त्यांच्याकडून ती विष्णु दिगंबरांकडे गेली. धृपद आणि ख्याल यांच्यात सरळ रेघ ओढता येत नाही, मी ओढणारही नाही. पण गाणं शिकायचं तर ग्वाल्हेरला जायचं, हे त्या काळच्या मराठी मुलांना घरातून सांगावं लागत नव्हतं. त्या लौकिकाची पहिली वीट या डोंगरावर बसली होती.

टाइल्सची अवस्था बरी नाही. ग्लेझ आणि खालची भाजलेली माती उन्हात सारख्या मापाने फुगत नाहीत, थंडीत सारखी आकसत नाहीत. ग्लेझला बारीक तडे जातात, त्यांत पाणी शिरतं, क्षार फुलतात आणि एक दिवस तुकडा निखळतो. पूर्वेच्या भिंतीवर बऱ्याच ठिकाणी नुसती खोबण उरली आहे. रिकाम्या जागी नव्या टाइल्स बसवाव्यात असं सुचवणारे लोक भेटतात. मी त्याच्या विरुद्ध आहे. बाजारातला तयार निळा रंग त्या भिंतीवर लगेच परका दिसेल, आणि खोबणीतली हत्याराची खूण कायमची झाकली जाईल. ज्या टाइल्स आहेत त्या घट्ट कराव्यात, पाणी अडवावं, खोबणी उघड्या ठेवाव्यात. आणि ज्यांना करून बघायचं आहे त्यांनी खाली शहरात भट्टी लावावी, रेह, वाळू आणि तांबं घेऊन तो फिरोजी रंग काढून दाखवावा, एक बदक दगडाच्या मापाला उतरवून दाखवावं. ते गुजरी महालात ठेवावं, शेजारी चिठ्ठी लावावी, की हे असं करत असत. मी शिकवलेल्या पोरींपैकी दोघींनी त्याची सुरुवात केली आहे. त्यांचा निळा अजून हिरव्याकडे झुकतो, शिसं कमी करायला हवं.